आठ विजय, सात विधानसभा आणि एक पराभव: हुक्केरीच्या उमेश कत्तींची कारकीर्द कशी वाचावी

प्रश्न असा आला आहे. विचारणारी मुलगी मूळची संकेश्वरजवळच्या एका गावची, सध्या कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकते आणि तिला सीमाभागातल्या एका आमदाराच्या कारकिर्दीवर प्रबंध लिहायचा आहे. ती विचारते: बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीतून उमेश कत्ती कर्नाटक विधानसभेवर आठ वेळा निवडून आले, पक्ष मात्र इतके बदलले की यादी करावी लागते. तरी लोक त्यांना मत देत राहिले, ते का? आमच्यासारखी मराठी घरंही देत होती, ती का? आणि आकडे कुठून गोळा करू?

पोरी, तू आमच्याच भागातली, म्हणून तुला अगं-तुगं करतो. संकेश्वर-हुक्केरी भागात वार्ताहर म्हणून मी तीस वर्षांवर काढली. मतमोजणीच्या दिवशी बॅरिकेडच्या बाहेर उन्हात उभं राहून फेरीफेरीचे आकडे वहीत उतरवले. त्या वह्या आणि मधल्या काळात जे डोळ्यांनी बघितलं, त्याच्या आधाराने सांगतो.

आधी एक दुरुस्ती. 'आठ वेळा आमदार' हे बरोबर आहे, पण ते आठ विधानसभांमध्ये बसले असं प्रबंधात लिहिशील तर चुकशील. विजय आठ, विधानसभा सात. १९८५ ची पोटनिवडणूक, मग १९८९, १९९४, १९९९, पुढे २००८ ची सार्वत्रिक, त्याच वर्षीची पोटनिवडणूक, २०१३ आणि २०१८. २००८ मध्ये एकाच विधानसभेसाठी सात महिन्यांत दोनदा मतं मागितली आणि दोन्ही वेळा मिळवली. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका धरलेल्या नसतात. नुसता तो अहवाल उघडून बसणाऱ्याला पहिला विजयही दिसत नाही आणि सहावाही नाही. मधे २००४ मध्ये ते पडले. या एका पराभवाकडे तू सगळ्यात जास्त लक्ष द्यावंस असं मला वाटतं. का ते पुढे सांगतो.

सुरुवात वडिलांपासून. विश्वनाथ कत्ती हुक्केरीचे आमदार होते, रामकृष्ण हेगडेंच्या जनता पक्षाच्या काळातले. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं आणि रिकाम्या जागेवर थोरला मुलगा उभा राहिला. उमेश कत्तींचा जन्म १४ मार्च १९६१ चा, म्हणजे वय चोवीस. वारसाहक्काने आलेली पहिली निवडणूक सहानुभूतीवर निघते, त्यात नवल काही नाही. खरी परीक्षा १९८९ ची. त्या वर्षी वीरेंद्र पाटलांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २२४ पैकी १७८ जागा घेतल्या. जनता दलाचे राज्यभरात फक्त २४ आमदार उरले आणि त्यातला एक हुक्केरीचा होता. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने लाटेच्या उलट पोहून जागा राखली. १९९४ मध्ये जनता दलाची सत्ता आली तेव्हा ते निवडून आले यात विशेष नाही, पण १९९९ पुन्हा बघ. काँग्रेस १३२, आणि फुटलेल्या जनता दलाच्या संयुक्त गटाला १८. त्या अठरांतही हुक्केरी आहेच. पुढे २०१३ मध्ये भाजप फुटून, बदनाम होऊन ४० वर आला, त्या चाळिसांतही हे होते.

म्हणजे पक्ष बुडतो आणि हा माणूस तरतो, असं एकदा नाही, तीनदा झालं. ज्याची मतं पक्षाच्या चिन्हावर येतात त्याच्या बाबतीत असं घडत नाही.

आता पक्षांची यादी. जनता पक्ष, जनता दल, जनता दल संयुक्त, काँग्रेस, जनता दल धर्मनिरपेक्ष, भाजप. सहा नावं झाली. पण ती सरसकट एका तागडीत टाकू नकोस. पहिली तीन नावं म्हणजे एकच घर, पुन्हा पुन्हा वाटण्या झालेलं. कत्ती तिथून उठून गेले नाहीत, घराच्याच भिंती फुटत गेल्या. मनाने केलेला पहिला बदल काँग्रेसचा, आणि २००४ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले तेव्हाच भाजपच्या शशिकांत नायकांकडून ते पडले. दुसरा बदल देवेगौडांच्या पक्षात, म्हणजे जनता दल धर्मनिरपेक्षमध्ये. २००८ च्या मे महिन्यात त्या पक्षाला राज्यात २८ जागा मिळाल्या, तरी त्यात हुक्केरी आली. तिसरा बदल लगेच त्याच वर्षी. भाजपला ११० जागा होत्या, बहुमताला तीन कमी. येडियुरप्पांनी अपक्षांच्या आधाराने सरकार बनवलं आणि मग विरोधी आमदारांचे राजीनामे घेऊन त्यांना आपल्या तिकिटावर पुन्हा उभं करण्याचा मार्ग काढला. लोकांनी त्याला 'ऑपरेशन कमळ' म्हटलं. डिसेंबर २००८ मध्ये आठ ठिकाणी पोटनिवडणुका झाल्या, पाच भाजपने जिंकल्या. त्या पाचांत हुक्केरी आणि शेजारची अरभावी या दोन जागा आपल्या जिल्ह्यातल्या.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, कत्ती पहिल्यांदा आमदार झाले त्याच वर्षीचा. पक्षादेश मोडला किंवा पक्ष सोडला तर आमदारकी जाते, असा तो कायदा. मग आमदारकी स्वतःच सोडायची आणि पुन्हा लोकांपुढे जायचं. कायदा मोडला नाही, पण त्याचा हेतू मात्र पार निकालात निघाला. २०१९ मध्ये गोकाक, अथणी आणि कागवाडमध्ये पुन्हा तेच झालं आणि तिन्ही आमदार नव्या पक्षाकडून निवडून आले. तेव्हा कत्तींच्या पक्षांतराला एकट्याचा स्वभाव समजू नकोस. ही आपल्या जिल्ह्याची रीत झाली आहे, आणि मतदारानेच तिला दरवेळी मान्यता दिली आहे. का दिली, हाच तुझा प्रश्न.

उत्तरासाठी विधानसभेतून बाहेर पड आणि हुक्केरीच्या वीज सोसायटीत ये. सगळ्या जिल्ह्यात विजेचं बिल हुबळीच्या हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीचं येतं, आपल्या तालुक्यात मात्र सोसायटीचं. तुम्ही लहानपणापासून बघता म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण देशात असल्या संस्था हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. १९६९ च्या सुमाराला ग्रामीण विद्युतीकरणासाठी अमेरिकेच्या धर्तीवर पाच प्रायोगिक सहकारी वीज संस्था निघाल्या. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यात हुक्केरी. मुळा-प्रवरेचं पुढे काय झालं ते तुझ्या कोल्हापुरातल्या प्राध्यापकांना विचार. हुक्केरीची अजून चालू आहे. ग्राहक हाच सभासद, सभासदच संचालक निवडणार. आणि या सोसायटीत कत्ती घराण्याचा शब्द कित्येक वर्षं चालला.

एक प्रसंग सांगतो. साल मुद्दाम लिहीत नाही. उन्हाळ्याचे दिवस. तुझ्या गावाकडच्याच एका ओळखीच्या शेतकऱ्याची मिरची उभी होती, संकेश्वरी, लांब आणि सुरकुतीची. शेताजवळचा टीसी जळाला. (विजेच्या ज्या ट्रान्सफॉर्मरला महाराष्ट्रात डीपी म्हणतात, त्याला आपल्याकडे टीसी म्हणतात, तुला ठाऊकच आहे.) एका टीसीवर दहा-बारा जणांच्या मोटारी. चार दिवस पाणी नाही. मिरचीची पानं दुपारी माना टाकायला लागली. घरात मराठी बोलणारा हा माणूस मोडक्या कानडीत लाइनमनला विनवून थकला. पाचव्या दिवशी तो गावच्या पुढाऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून हुक्केरीला गेला. पुढाऱ्याने तिथून एक फोन लावला. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दुसरा टीसी आला, तेल गळत होतं तरी आला. रात्री साडेनऊला मोटार सुरू झाली तेव्हा मी तिथेच होतो. पाटात पाणी पडल्याचा आवाज आला आणि तो माणूस काही न बोलता बांधावर बसून राहिला.

पुढच्या निवडणुकीत त्याने कुणाला मत दिलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

विजेसारखाच ऊस. संकेश्वरचा हिरण्यकेशी साखर कारखाना सहकारी, आणि त्यावरही कित्येक वर्षं याच घराण्याचा प्रभाव राहिला. बेल्लद बागेवाडीत घरचा खासगी कारखाना वेगळा. धाकटे बंधू रमेश कत्ती बेळगाव जिल्हा मध्यवर्ती बँकेचे दीर्घकाळ अध्यक्ष होते, आणि २००९ ते २०१४ चिक्कोडीचे खासदार. आता हिशेब मांड. गावच्या सोसायटीतून पीककर्ज निघतं, त्याला पैसा मध्यवर्ती बँकेचा. ऊस लावायला पाणी लागतं, मोटार चालते ती वीज सोसायटीवर. ऊस पिकला की तोडणीची टोळी कधी येणार ते कारखाना ठरवणार. तोड पंधरा दिवस लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कर्ज, वीज, तोड. वर्षाचे बाराही महिने शेतकऱ्याला ज्या दारात जावं लागतं, पाच वर्षांतून एकदा त्याच दारातून मत मागायला माणूस येतो. त्याच्या खांद्यावरचं उपरणं कोणत्या रंगाचं आहे, हे बघायला कुणाला सवड?

यात उपकार किती आणि धाक किती, असं तू मला विचारशील. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही आहे आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही. टीसी आणून देणारा माणूस शेतकऱ्याला खरंच उभा करतो. पण फोनशिवाय टीसी येत नसेल, तर हक्काच्या गोष्टीसाठी कुणाचं तरी मिंधं व्हावं लागतं. मला ही गोष्ट आयुष्यभर टोचत आली आहे. कत्ती घराण्याच्याच बाबतीत नव्हे. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, बेंगळुरू सोडलं तर राज्यात इतक्या कुठल्याच जिल्ह्यात नाहीत, आणि त्यातल्या किती जागांवर कारखाना, बँक किंवा पतसंस्था हातात असलेलं घर बसलं आहे ते तूच मोजून बघ. मोठ्या घरच्या पुढाऱ्याला आपल्याकडे साहुकार म्हणतात. या एका शब्दात सगळं आलं.

मग २००४ कसं झालं? दारं तीच, घर तेच, तरी पडले. त्या निवडणुकीत भाजप पहिल्यांदाच राज्यात सगळ्यात मोठा पक्ष झाला, ७९ जागा. आमच्या भागातला लिंगायत मतदार जनता परिवाराकडून भाजपकडे सरकत होता, आणि नेमक्या त्याच वेळी कत्ती काँग्रेसमध्ये गेले. ज्या काँग्रेसशी घराणं वीस वर्षं भांडलं, तिचा हात घेऊन मत मागणं कार्यकर्त्यालाच जड गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी एका जुन्या कार्यकर्त्याच्या ओसरीवर बसलो होतो. घरात पत्रकांचा गठ्ठा सुतळी न सोडता तसाच पडलेला. तो माणूस पक्षाविरुद्ध बोलत नव्हता, घराबाहेर पडत नव्हता एवढंच. तो गठ्ठा बघून मी वहीत 'अवघड' असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा संस्थांच्या जोरावर कोणताही पक्ष चालतो, हे माझं वरचं म्हणणं पूर्ण खरं धरू नकोस. साहुकाराच्या दारालाही एक उंबरठा असतो आणि मतदार तो ओळखतो. म्हणून तुझ्या प्रबंधात २००४ ला वेगळं प्रकरण दे.

या दाराची हद्दही बघण्यासारखी आहे. २०१४ मध्ये मोदी लाट असूनही रमेश कत्ती चिक्कोडी लोकसभा अवघ्या ३,००३ मतांनी हरले, काँग्रेसच्या प्रकाश हुक्केरींकडून. २०२३ मध्ये तर एकाच घरातले दोघे शेजारशेजारच्या मतदारसंघांत उभे होते. हुक्केरीत उमेश कत्तींचे चिरंजीव निखिल पहिल्यांदाच लढले आणि ४० हजारांच्या वर मताधिक्याने आले. चिक्कोडी-सदलग्यात रमेश कत्ती पडले. घर तेच, पक्ष तोच, हवाही तीच. फरक एवढाच की वीज सोसायटीच्या तारा हुक्केरी तालुक्याच्या शिवेवर संपतात.

२००८ च्या मतदारसंघ फेररचनेचाही विचार कर. आधी आपल्या तालुक्यात संकेश्वर हा वेगळा मतदारसंघ होता. तो गेला. संकेश्वर हुक्केरीत आलं आणि तालुक्याचा बाकीचा भाग अनुसूचित जमातीसाठी राखीव झालेल्या यमकनमर्डीत गेला, जिथून तेव्हापासून सतीश जारकीहोळी निवडून येत आहेत. संकेश्वरचे माजी आमदार ए. बी. पाटील त्यामुळे कत्तींच्या समोर आले, २०१८ ला वडिलांपुढे आणि २०२३ ला मुलापुढे. मतदारसंघ बदलल्यावर जुने आकडे नव्या आकड्यांशी थेट ताडून बघू नकोस, गावंच वेगळी आहेत.

आता मराठी घरांचा प्रश्न. तो तू जरा दबकत विचारलास असं वाटलं. दबकू नकोस. बेळगाव शहर, उचगाव, खानापूर इथलं मराठी मत आणि आपल्या तालुक्यातलं मराठी मत यांचा इतिहास वेगळा आहे. तिकडे १९५७ पासून महाराष्ट्र एकीकरण समिती हाच पक्ष होता, आमदार समितीचा असायचा, मत म्हणजे सीमालढ्याचा ठराव. तिथेही २००८ मध्ये समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ ला बेळगाव दक्षिणेत संभाजी पाटील आणि खानापुरात अरविंद पाटील असे दोन आले, आणि २०१८, २०२३ ला पुन्हा शून्य. आपल्याकडे समितीचं तसं संघटन कधी उभं राहिलं नाही. महाराष्ट्राच्या दाव्यात या तालुक्यातली काही गावं आहेत, पण गावात मराठी-कानडी घरं एकमेकांना चिकटून, सोयरिकी दोन्हीकडे, बाजार गडहिंग्लजचा, दवाखाना कोल्हापूरचा आणि जमिनीचा उतारा हुक्केरीच्या कचेरीतला, कानडीत. अशा माणसाने टीसीसाठी ज्याच्या दारात जायचं त्याला मत दिलं, तर त्याने मराठीशी दगाबाजी केली असं बेळगावात बसून कुणी म्हणू नये. तुझ्या आजीने तसं मत दिलं असेल तर त्याची लाज वाटून घेऊ नकोस. भाषेचं दुःख तिला असेलच. मुलाच्या शाळेत मराठी तुकडी टिकावी म्हणून तिनेही कुणाकडे तरी हेलपाटे घातले असतील.

मंत्रिपदांबद्दल थोडक्यात, कारण ते कुठेही मिळेल. जे. एच. पटेलांच्या मंत्रिमंडळात पहिल्यांदा मंत्री, मग भाजपच्या २००८ नंतरच्या सरकारांत फलोत्पादन, तुरुंग, कृषी अशी खाती. २०१९ मध्ये सरकार आलं तेव्हा मात्र यांना वगळलं आणि २०१८ ला हरलेले अथणीचे लक्ष्मण सवदी उपमुख्यमंत्री झाले. आठ विजयांच्या माणसाला ते किती लागलं असेल, ते ओळखायला वार्ताहर असण्याची गरज नाही. जानेवारी २०२१ मध्ये पद मिळालं, अन्न व नागरी पुरवठा, नंतर वनखातंही. रेशनवर तांदळाबरोबर ज्वारी-नाचणी द्यावी, हा त्यांचा आग्रह मला आवडला होता. आपल्या भागातलं पोट ज्वारीच्या भाकरीवर भरतं. पण त्याच काळात टीव्ही, फ्रिज, दुचाकी असणाऱ्यांनी बीपीएल कार्ड परत करावं असं ते बोलले आणि राज्यभर ओरड झाली. माझ्या मते ते बोलणं चूक होतं. हप्त्यावरची जुनी दुचाकी ही आपल्याकडे मजुराचीही गरज आहे.

आणि वेगळ्या उत्तर कर्नाटक राज्याची मागणी. ती त्यांनी कधी सोडली नाही, अगदी मंत्री असतानाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर देशात पन्नास राज्यं होतील आणि कर्नाटकाची दोन, असं ते जून २०२२ मध्ये म्हणाले. स्वतःच्या पक्षानेही ते उचलून धरलं नाही. काहीजण म्हणतात की मंत्रिपद हुकलं की ही मागणी वर यायची. तारखा लावून बघ, काही वेळा ते जुळतं, पण मंत्री असतानाही त्यांनी ती केली याचं उत्तर त्यात मिळत नाही. बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर आणि आपली फाइल तिथे, हा राग आपल्या भागात कानडी माणसाच्याही मनात आहे. मराठी वाचकाला हे सहसा माहीत नसतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपण समजतो की पलीकडे सगळे एका सुरात बोलतात. तसं नाही. हा मुद्दा तुझ्या प्रबंधात आला तर कोल्हापुरात बसलेल्यांना काही नवीन कळेल.

६ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बेंगळुरूत हृदयविकाराने ते गेले, वय ६१. दुसऱ्या दिवशी बेल्लद बागेवाडीत अंत्यसंस्कार झाले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. गर्दीत कानडी जितकी ऐकू येत होती तितकीच मराठी.

आता आकडे. निवडणूक आयोगाचे प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे अहवाल संकेतस्थळावर आहेत, मतदारसंघनिहाय. १९८५ आणि २००८ च्या पोटनिवडणुका वेगळ्या शोधाव्या लागतील. गावाचा कल बघायचा असेल तर फॉर्म २० माग, तो अंतिम निकालाचा तक्ता असतो आणि त्यात मतदान केंद्रवार मतं असतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचे मिळतात. केंद्र क्रमांक दर निवडणुकीला बदलतात, म्हणून आधी केंद्रांची यादी लाव, मग मतं. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात, ते २००४ पासूनचं धर.

पण या सगळ्याच्या आधी घरी जा. तुमच्या घरात वीज सोसायटीच्या सभासदत्वाची शेअर पावती असेल, बहुधा आजोबांच्या नावाची. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिसा आणि वार्षिक अहवाल कुठल्या तरी ट्रंकेत, धान्याच्या कणगीमागे नाहीतर देवघराच्या फळीवर सापडतील. कानडीत आहेत. तुला वाचता येत नसेल तर शेजारच्या काकूंकडून वाचून घे. संचालकांची नावं वर्षावार एका कागदावर लिही, आणि त्याच्या शेजारी विधानसभेचे निकाल. संकेश्वरला आलीस की तो कागद घेऊन माझ्याकडे ये. माझ्या वह्या काढून ठेवतो, २००४ ची सगळ्यात वर.